निळ्या शाईतलं वाक्य

मी शब्दांची वही बोलतेय. शब्दकोश नव्हे हं. शब्दकोश ही मोठी असामी. त्याच्या वाक्यांत राजे गादी सोडतात, सेनापती माघार घेतात, आणि कुणाच्या घरचं दूधसुद्धा उतू जात नाही. माझ्यातल्या वाक्यांनी मात्र होत्याचं नव्हतं होण्याची वेळ आणली होती. ते कसं, ते सांगते. मध्येच भरकटले तर सांभाळून घ्या. मला एका ओळीत एक शब्द उरकायची सवय, अख्खी गोष्ट सांगायची नाही.

जन्म कारखान्यातला. पात्यानं चारी बाजूंनी सोलून काढलं, पाठीत दोरा घातला आणि खाकी पुठ्ठ्याचा अंगरखा चढवला. मी लांबट, खिशात मावणारी, दोनशे पानी. दुकानात माझ्या वरच्या फळीवर चित्रं काढायच्या वह्या होत्या, त्या स्वतःला फार समजत. एका संध्याकाळी एक बाई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात अडीच वर्षांची मुलगी, आणि चेहऱ्यावर 'काहीतरी विसरलंय, पण काय ते आठवत नाही' असा भाव. तो भाव तिचा कायमचाच, हे मला नंतर कळलं. तिनं मुलीला खडू घेतले आणि स्वतःला मला घेतलं. मुलीला सगळे ठमी म्हणत. ठमीनं त्याच दिवशी माझ्या पुठ्ठ्यावर जांभळा खडू ओढला. हा माझा नामकरणविधी.

बाई एका मोठ्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करायची. तिथं नवा विभाग निघणार होता. त्याचे अहवाल परदेशी कंपन्यांकडे जाणार, म्हणून इंग्रजी पक्कं हवं. जागा दोन, इच्छुक नऊ. पगाराचं सोडा, त्या विभागाला पाळ्या नव्हत्या. नऊला जायचं, पाचला सुटायचं. म्हणजे पाळणाघराच्या दारात रोज सगळ्यात शेवटी उभी राहणारी आई ती नसणार. एवढ्यासाठीच तिला ती जागा हवी होती.

निवड इंग्रजीच्या तोंडी परीक्षेवर होती. आदल्या वर्षी दुसऱ्या एका जागेसाठी ती अशाच परीक्षेत आपटली होती. व्याख्या पाठ, पण वाक्य करायला सांगितल्यावर दातखीळ बसली. कोशातलं वाक्य होतं एका राजाचं, आणि तिच्या ओळखीत एकही राजा नव्हता. म्हणून या खेपेला तिनं नियम केला. पानावर तीन रकाने. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात कोशातली व्याख्या, लाल शाईनं. तिसऱ्यात स्वतःचं वाक्य, निळ्या शाईनं, आणि ते खरं घडलेलं हवं. "खोटं वाक्य माझ्या डोक्यात टिकत नाही. खरंही टिकतं असं नाही, पण निदान लाज वाटून लक्षात राहतं," असं ती घारीला म्हणाली. घारी ही तिची शेजारच्या टेबलावरची मैत्रीण. डोळ्यांमुळे पडलेलं नाव आता पगारपत्रक सोडून सगळीकडे चालायचं.

रोज पाच शब्द. दूध तापेपर्यंत दोन, ठमी बूट घालेपर्यंत दोन, बसमध्ये एक. सगळं इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर अशी वाक्यं: 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, माझी मुलगी डावा बूट घालायला नाखूश असते, उजव्याबद्दल तिची तक्रार नाही. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी. माझा नवरा कौतुकाच्या बाबतीत काटकसरी आहे. 'कन्स्पिक्युअस' म्हणजे ठळक दिसणारा. मोठे सर जे पेन शोधतात ते त्यांच्या कानावर ठळक दिसत असतं. मोठे सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख.

मला हे भारी आवडायचं. दुसऱ्या वह्यांत हिशेब असतात, गृहपाठ असतात. माझ्यात एक अख्खी बाई होती, तीही वर्णानुक्रमाशिवाय.

मग तो मंगळवार आला.

तपासणीची रसायनं ज्या फ्रिजमध्ये असत, त्याच्या दारावर तक्ता टांगलेला होता. दहा, बारा, दोन आणि चार वाजता आतलं तापमान बघायचं, आकडा लिहायचा आणि सही करायची. दोन ते आठ अंशांच्या आत असलं की ठीक. त्या आठवड्यात हे काम बाईकडे होतं. पावणेदहाला पाळणाघरातून फोन आला. ठमीला एकशे दोन ताप. बाईच्या रजा संपल्या होत्या, आणि मोठ्या सरांनी मागच्याच महिन्यात बजावलं होतं की आता आणखी एक गैरहजेरी दिसली तर परीक्षेला बसू देणार नाही.

ती ॲप्रन काढता काढता थांबली. तक्ता रिकामा राहिला तर विचारणा होणार. घारीवर आणखी ओझं टाकायचं तिच्या जिवावर आलं. तिनं पेन काढलं आणि चारही घरं भरली. चार पूर्णांक दोन. चार पूर्णांक चार. चार पूर्णांक एक. चार पूर्णांक तीन. प्रत्येकापुढे सही. घारीला म्हणाली, "तासाभरात येते गं, तेवढं टेबल बघ."

"जा तू, पोरीला बघ. इथं काय आभाळ कोसळतंय?" घारी म्हणाली.

तासाभराचे सहा तास झाले. डॉक्टर, औषध, नवऱ्याची वाट. ती परतली तेव्हा पावणेचार वाजले होते. फ्रिजवरचा आकडा अकरा दाखवत होता. दाराचं रबर एका कोपऱ्यात दुमडलेलं होतं, बोटभर फट. किती वेळ? दहापासून? तीनपासून? सांगणारं कुणी नव्हतं. सांगायचं काम तिचंच होतं. तिनं रबर सरळ केलं, दार दाबून लावलं, आणि तक्त्याकडे बघितलं. तक्ता म्हणत होता, सगळं छान.

दुसऱ्या दिवशी तिनं, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं असा चाचणीचा नमुना लावून पाहिला. निकाल मर्यादेत आला, पण अगदी काठावर. ती स्वतःला म्हणाली, आला ना मर्यादेत. ती रसायनं महिनाभर पुरणारी होती. थायरॉइडचे तीसेक अहवाल रोज त्यांच्यावरच निघत होते.

त्याच दिवशी बसमध्ये पुढचा शब्द होता 'फॅब्रिकेट'. लाल शाईत व्याख्या: फसवण्यासाठी खोटं रचणं. निळं पेन बराच वेळ कागदाला टेकूनच राहिलं. मला त्याचं टोक रुतत होतं. मग तिनं लिहिलं: मंगळवारी मी फ्रिजच्या तक्त्यातले चार आकडे रचले आणि मुलीला आणायला गेले.

का लिहिलं? मी पुष्कळ विचार केला. माझं चुकतही असेल, पण मला वाटतं, तिला हे कुणाला तरी सांगायचं होतं आणि उदाहरणाचं वाक्य कुणी कान देऊन ऐकत नाही. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस माझ्यात डोकावून बघत होता. त्यालाही वाटलं असेल, बाई अभ्यास करतेय.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ती वरच्या मजल्यावर गेली असताना घारीनं मला तिच्या खुर्चीवरच्या ॲप्रनच्या खिशातून अलगद काढलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं. माझ्या अंगावरून उजेड सरकत गेला, पानामागून पान, आणि पलीकडून माझी आठ पिल्लं बाहेर पडली. खोटं कशाला बोलू, आधी ऊर भरून आला. तार घालून बांधलेली, गरमगरम, हुबेहूब माझ्यासारखी. मग एकोणचाळिसावं पान उजेडाखालून गेलं, 'फॅब्रिकेट'चं.

घारीनं परतल्यावर उरलेल्या सातही जणांना एकेक प्रत वाटली. आठवी स्वतःला ठेवली. बाई खाली आली तर सगळी प्रयोगशाळा तिच्या संसारात डोकं खुपसून बसलेली.

"तू... सगळी पानं काढलीस?" तिनं विचारलं.

"हो मग! अर्धवट पुण्य कशाला करायचं? तुझी वही म्हणजे सोनं आहे गं. आणि आपल्यात कसली स्पर्धा? ज्याचं नशीब असेल तो लागेल."

"आतलं वाचलंस?"

"वाचायला वेळ कुणाला आहे? पाठ करायचंय!"

बाई हसली. असं हसू मी कोशातसुद्धा पाहिलं नव्हतं. मग ती प्रत्येकाकडे गेली. "त्यात चुका राहिल्यात, दुरुस्त करून देते, दोन दिवस परत द्या." कुणीही दिली नाही. नोंदणीच्या काउंटरवरची वहिनी म्हणाली, "राहू देत चुका. आमच्या इंग्रजीला तेवढ्या शोभतील." घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणारा एकजण होता, त्याला सगळे सायकलवाला म्हणत. तो तर प्रत छातीशी धरून म्हणाला, "ताई, जीव मागा, ही मागू नका."

त्या दुपारी तिनं माझं एकोणचाळिसावं पान दोन बोटांत धरलं. फाडणार, असं मला वाटलं. पण आठ प्रतींतून ते कसं फाटणार होतं? तिनं बोटं काढली. पानाच्या कोपऱ्याला घामाचा ओला डाग तेवढा राहिला.

शुक्रवारी चहाच्या वेळी सगळे घोकत होते. कुणी म्हणत होतं, माझा नवरा काटकसरी आहे. कुणी म्हणत होतं, माझी मुलगी नाखूश आहे. माझी बाई कप हातात धरून प्रत्येकाच्या ओठांकडे बघत होती. कोण कुठल्या पानावर पोचलंय, एवढंच तिला दिसत होतं.

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी होती. त्याआधीच्या सोमवारी मोठ्या सरांनी सगळ्यांना सरावासाठी बैठकीच्या खोलीत बोलावलं. सर शब्द देणार, उमेदवारानं उभं राहून व्याख्या आणि वाक्य सांगायचं. पहिले काही शब्द सरळ गेले. मी बाईच्या मांडीवर होते, तिच्या दोन्ही तळव्यांखाली. सरांनी कोश चाळला आणि सायकलवाल्याकडे बघितलं. "फॅब्रिकेट."

सायकलवाला उठला. डोळे मिटले. व्याख्या धडाधड म्हटली, आणि पुढे: "मंगळवारी मी फ्रिजच्या तक्त्यातले चार आकडे रचले आणि माझ्या मुलीला आणायला गेलो."

खोलीत हशा पिकला. "लग्न कधी उरकलंस रे?" कुणीतरी ओरडलं. "आम्हाला पेढेही नाहीत, आणि एकदम मुलगी?" सायकलवाल्याचे कान लाल झाले. सरही हसले. "बरं, दुसरं कुणीतरी वाक्य करा याच शब्दाचं. वहिनी, तुम्ही सांगा."

वहिनी उठली. "मंगळवारी मी फ्रिजच्या तक्त्यातले चार आकडे..."

पुन्हा हशा, पण या वेळी थोडा कमी. सरांनी कानावरचं पेन काढलं. "तुम्ही?" त्यांनी तिसऱ्याला विचारलं. तिसऱ्यानंही तेच म्हटलं. आता कुणी हसलं नाही.

"कुठल्या पुस्तकात आहे हे?" सरांनी विचारलं.

"पुस्तक नाही सर, हिच्या वहीतलं आहे!" घारी अभिमानानं म्हणाली आणि तिनं बाईच्या पाठीवर थाप मारली. "सगळी वाक्यं स्वतः केलीत हिनं."

सरांनी बाईकडे बघितलं. मग स्वतःच दार उघडून दिल्यासारखे म्हणाले, "उदाहरण आहे ना?"

तळवे माझ्यावर दाबले गेले.

"हो सर," ती म्हणाली. "उदाहरण आहे."

सर "चांगलंय, चांगलंय" म्हणत पुढच्या शब्दाकडे वळले. मी मात्र तिथंच राहिले. माझ्यात तीनशेच्या वर वाक्यं होती आणि त्यातलं एक तिनं चारचौघांत टाकून दिलं होतं. आई गर्दीत मुलाचं बोट सोडते, तेव्हा मुलाला जसं होत असेल तसं काहीसं झालं.

संध्याकाळी घरी ठमी जमिनीवर खडूंनी मासे काढत होती. नवरा टेबलापाशी बसला आणि सहज मला चाळू लागला. एका पानावर थबकला.

"काटकसरी? कौतुकाच्या बाबतीत? हे माझ्याबद्दल आहे?"

"उदाहरण आहे," ती म्हणाली.

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. "खरं आहे की पण." मग त्यानं पुढची पानं वाचली, मागची वाचली. बुटाचं वाचलं, त्याच्या आईच्या चष्म्याचं वाचलं, भांडणाचं वाचलं. एकोणचाळिसाव्या पानावर त्याचं बोट थांबलं. "सगळीच खरी आहेत ही." त्यानं मान वर केली. "हेही?"

तिनं मान डोलावली, आणि फ्रिजचं, रबराचं, चाचणीचं सगळं सांगितलं.

"कुणाला माहितीय?"

"सगळ्यांना पाठ आहे. माहीत कुणालाच नाही."

"मग गप्प बस!" तो एकदम म्हणाला, आणि ठमीनं वर बघितलं म्हणून आवाज खाली आणला. "हे बघ, दोन आठवडे होत आले. कुणाला काही झालं का? शनिवारी परीक्षा आहे. शनिवारनंतर सांग, हवं तर."

"शनिवारपर्यंत रोज तीस अहवाल जातील."

"चाचणी मर्यादेत आली होती म्हणतेस ना?"

"काठावर."

"काठावर म्हणजे आतच की!"

तो वाईट माणूस नव्हे. तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आधी दार लावून घेतो. तिलाही त्याचंच ऐकायचं होतं, हे मला तिच्या हातांवरून कळत होतं. तिनं मला पिशवीत टाकलं तेव्हा निजवून ठेवल्यासारखं टाकलं.

मंगळवारी सकाळी ती फ्रिजसमोर उभी राहिली. दहा वाजले होते. तक्त्याचं काम पुन्हा तिच्याकडे आलं होतं. मी खिशातून वर डोकावत होते. आकडा होता चार पूर्णांक दोन. खराखुरा, डोळ्यांसमोर. तिनं पेन उचललं, पण तक्त्याला टेकवलं नाही. चार पूर्णांक दोन. दोन आठवड्यांपूर्वी तिनं मनानं लिहिलेला पहिला आकडा हाच होता. आता खरं लिहिलं तरी तिला ते खोटं वाटत होतं. अक्षर तेच, सही तीच. दोन्हींतला फरक जगात फक्त तिला ठाऊक होता, आणि मला.

तिनं घारीला हाक मारली. "हा आकडा तू लिही. आणि थायरॉइडचे आजचे अहवाल थांबव."

"का? काय झालं?"

"ते चार आकड्यांचं वाक्य खरं आहे."

घारीला कळायला क्षणभर लागला. मग तिचे घारे डोळे भरून आले, पण रागानं. "त्या दिवशी मी इथंच होते! टेबल बघ म्हणालीस, फ्रिज बघ म्हणायला तुझी जीभ झडली होती? मी काय परकी होते?"

"तुला त्रास नको म्हणून..."

"हा कमी त्रास आहे?"

बाई वर गेली.

मोठ्या सरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी खाली फोन करून ती रसायनं बाजूला काढायला सांगितली. मग म्हणाले, लेखी द्यावं लागेल. परदेशी कंपनी तपासणीला येणार, म्हणून इंग्रजीत. त्यांनी कागद पुढे केला. तिनं लिहायला सुरुवात केली. लहान लहान वाक्यं. मी टेबलावर होते. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

सर वाचत होते. त्यांनी बोट ठेवलं. "इथं एक शब्द घाला. इनॅडव्हर्टंटली. अनवधानानं. अनवधानानं नोंदी आगाऊ झाल्या, असं. म्हणजे ती चूक ठरते. तुमची नोकरीही वाचेल, कदाचित शनिवारचंही बघता येईल." त्यांचा आवाज मऊ होता. त्यांना खरोखरच मदत करायची होती. थोडी तिला, थोडी प्रयोगशाळेला.

तिनं पेन खाली ठेवलं. मला उचललं, पान काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. सरांनी मोठ्यानं वाचलं. लाल शाईत: हेतू नसताना, लक्षात न येता. निळ्या शाईत: पाळणाघराच्या गर्दीत मी अनवधानानं दुसऱ्याच बाईच्या मुलीचं नाक पुसलं.

सरांना हसू आलं आणि लगेच गेलं.

"अनवधानानं म्हणजे हे, सर," ती म्हणाली. "तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. आकडे लिहिताना मला सगळं कळत होतं. तो शब्द तिथं नाही बसत."

"बसवला तर बसेल."

"मला त्याचा अर्थ येतो, सर. आता काय करू?"

सरांनी कागद तसाच घेतला.

पुढचं थोडक्यात, इतरांच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं तसं. चारशेच्या वर लोकांना पुन्हा रक्त द्यायला बोलावलं. बहुतेकांचे निकाल तेच आले. अकरा जणांचे आले नाहीत. त्यातल्या एका बाईंच्या गोळ्या उगाच वाढवल्या होत्या, त्यांना रात्र रात्र धडधड व्हायची. त्या काउंटरवर येऊन पुष्कळ बोलल्या. माझ्या बाईनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. नोकरी राहिली, तपासणीचं टेबल गेलं. तिला वर्षभर नोंदणीच्या काउंटरवर बसवलं, आणि परीक्षेला अर्थातच बसू दिलं नाही. नव्या विभागात एका जागी घारी लागली. दीड महिना दोघींत अबोला होता. मग एक दिवस घारी डबा घेऊन आली आणि न बोलता शेजारी बसली. जेवण निम्मं झाल्यावर म्हणाली, "तिथलं इंग्रजी मला झेपत नाही गं. तुझ्या नवऱ्याचं उदाहरण कुठंच वापरता येत नाही."

पाळणाघरातून ठमीला आता नवरा आणतो. तो सगळ्यात शेवटी पोचतो.

आणि मी? मी चौकशीच्या फायलीत आहे, पुरावा म्हणून. नाडीनं बांधलेली, पाठीवर क्रमांक, आणि एकोणचाळिसाव्या पानावर पिवळी चिठ्ठी. माझी दीडशे पानं कोरी आहेत. ती कुणी भरेलसं वाटत नाही. तिनं दुसरी वही घेतली की नाही, मला ठाऊक नाही. घेतली असेल तर तिसऱ्या रकान्यात काय लिहिते, याची मला फार काळजी लागून राहिलीय. पुन्हा राजे आणि सेनापती तर नाही ना? मी काळजी करणारच. मला वाढवलं कुणी ते बघा.

फाईल उघडणारे येतात. थेट चिठ्ठीचं पान काढतात, वाचतात, मान हलवतात, मला मिटतात. उद्या तुमच्याही हाती येईन. तर माझं एवढं ऐका. ते पान वाचाच, ते वगळू नका, ते खरं आहे. पण तिथंच थांबू नका. दहा पानं मागं जा, दहा पुढं जा. तिथंही तीच बाई आहे, आणि तिथलंही सगळं खरं आहे.